गर्भसंगीताचा पूर्वपक्ष आणि बाळंतिणीची कैफियत

गर्भवती स्त्रीने अमुक महिन्यात अमुक राग नियमाने ऐकला असता तिचे अपत्य तल्लख, शांत व सुदृढ निपजते, ही समजूत गेल्या दोन-तीन दशकांत आपल्या सुशिक्षित मराठी कुटुंबांत इतकी रुजली आहे की, तिच्याविषयी शंका घेणारा मनुष्य एकाच वेळी संगीताचा, परंपरेचा आणि मातृत्वाचा द्वेष्टा ठरण्याचा संभव असतो. या समजुतीभोवती आता वर्ग भरतात, ध्वनिमुद्रणांचे संच विकले जातात, पोटावर बांधावयाचे ध्वनिक्षेपक मिळतात, आणि सातवा महिना लागला तरी अशा वर्गात नाव न घातलेल्या सुनेकडे घरातील वडीलधारी मंडळी काळजीच्या नजरेने पाहू लागतात. मी संगीताचा द्वेष्टा नाही. गर्भारपणात व बाळंतपणानंतर स्त्रीला संगीताचा खरा उपयोग आहे असे माझे ठाम मत आहे. आणि तो उपयोग ज्या दिशेला आहे तिच्याकडे पाठ फिरवून आपण आपला उत्साह व द्रव्य दोन्ही खर्ची घालीत आहोत, या एकाच कारणास्तव हा प्रतिवाद मांडणे मला अगत्याचे वाटते.

वादाच्या आपल्या जुन्या शिरस्त्याप्रमाणे पूर्वपक्ष आधी, आणि तोही त्याच्या कैवाऱ्यांना मान्य होईल अशा स्वरूपात, मांडला पाहिजे. ते म्हणतात की, आयुर्वेदाने गर्भिणीच्या मनःस्थितीस व श्रवणास मोठे महत्त्व दिलेले आहे. अभिमन्यूने चक्रव्यूहाचा भेद मातेच्या उदरात असतानाच ऐकला. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनीही मोझार्टच्या संगीताने बुद्धी वाढते असे दाखवून दिले. नवजात अर्भके गर्भात ऐकलेले आवाज ओळखतात हे तर प्रयोगांनीच सिद्ध झाले आहे. आणि यांपैकी काहीही खरे नसले, तरी चांगले संगीत कानावर पडल्याने नुकसान कोणाचे होते? यांतील पहिला व शेवटचा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. पहिला यासाठी की, ज्या ग्रंथांची साक्ष काढली जाते ते ग्रंथ प्रत्यक्षात प्रतिपक्षाच्या विरुद्ध साक्ष देतात. आणि शेवटचा यासाठी की, नुकसान होते, ते मोठे असते, आणि ज्या स्त्रीचे होते तिला त्याची तक्रार करण्याची सोयही उरत नाही.

चरकसंहितेत गर्भ टिकवून धरणाऱ्या गोष्टींत श्रेष्ठ कोणती याचे उत्तर एका शब्दात दिलेले आहे, आणि तो शब्द ‘सौमनस्य’ असा आहे. हे सौमनस्य मातेचे आहे. तिने प्रसन्न असावे असे सांगताना अपत्याच्या बुद्धिमत्तेचा सौदा तेथे केलेला नाही. त्याच संहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात गर्भ अकाली पडण्याची कारणे सांगताना अप्रिय व अतिमात्र श्रवणाचाही उल्लेख आहे. म्हणजे कानावर काय पडावे याच्याइतकीच किती पडावे याचीही चिंता त्या ग्रंथकाराला होती, आणि पोटाला ध्वनिक्षेपक लावून बसणाऱ्या आजच्या कुटुंबाने शास्त्राचा आधार सांगण्यापूर्वी निदान हे एक वाक्य तरी वाचावयास हवे होते. परंतु याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. त्याच अध्यायात प्रसूतीनंतरच्या व्यवस्थेचे वर्णन येते, आणि तेथे असे सांगितले आहे की, स्नेहशील स्त्रियांनी व सुहृदांनी दहा किंवा बारा दिवस बाळंतिणीजवळ जागत राहावे, आणि ते घर आशीर्वचनांनी, स्तुतींनी, गीतांनी व वाद्यांनी, मुबलक अन्नपानाने, आणि प्रेमळ व आनंदी माणसांनी भरलेले ठेवावे. गाणे आणि वाद्य यांची अशी स्पष्ट योजना शास्त्रकाराने केली ती बाळंतिणीच्या खोलीत! ज्या परंपरेच्या नावाने आपण नऊ महिने ध्वनिमुद्रणे वाजवितो, तिनेच नेमून दिलेल्या ठिकाणी, म्हणजे प्रसूतीच्या दुसऱ्या दिवसापासून, आपल्या घरांत सर्वांनी आवाज बंद केलेला असतो.

संगीतशास्त्राची साक्षही याहून निराळी नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या, म्हणजे सिंघणाच्या, दरबारी राहून शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याच्या पहिल्याच अध्यायात पिंडोत्पत्ती नावाचे प्रकरण असून त्यात गर्भाची महिन्यामहिन्याने होणारी वाढ वर्णिली आहे, ही गोष्ट गर्भसंगीताच्या कैवाऱ्यांना मोठ्या आधारासारखी वाटण्याजोगी आहे. राजदरबारचा जमाखर्च पाहणारा हा गृहस्थ वैद्यकाचाही जाणकार होता आणि हे प्रकरण त्याने जाणूनबुजून लिहिले यात संशय नाही. पण त्याचा हेतू काय? नाद मनुष्यदेहात उत्पन्न होतो, म्हणून नादाचे विवेचन करण्यापूर्वी त्या देहाची उत्पत्ती सांगितली पाहिजे, हा त्याचा क्रम आहे. पिंडापासून नाडी-चक्रांपर्यंत आणि तेथून नादापर्यंत तो येतो. गर्भवतीने कोणत्या महिन्यात कोणता राग ऐकावा, असा विधी त्या प्रकरणात कोठेही नाही. ज्याला गर्भशास्त्र आणि रागशास्त्र दोन्ही ठाऊक होती आणि ज्याला ती एकमेकांस जोडण्याची संधी पहिल्याच अध्यायात होती, त्या माणसाने ती जोडली नाहीत. ज्या रागाची बढत करण्यात गवयाची हयात जाते, त्याला काढ्याच्या मात्रेसारखे महिन्यावार वाटून देणे हे आमच्या काळाचे कर्तृत्व आहे, आणि त्याची जबाबदारी आम्ही पूर्वजांच्या माथी मारू नये.

अभिमन्यूच्या कथेसंबंधी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. पहिली अशी की, द्रोणपर्वात युधिष्ठिराशी बोलताना तो स्वतःच सांगतो की, व्यूह फोडण्याची युक्ती आपल्याला पित्याने शिकविली, बाहेर पडण्याची मात्र आपल्याला अवगत नाही. मातेच्या उदरातील श्रवणाची कथा त्या संवादात नाही. ती लोककथेने, कीर्तनाने व पुराणिकांनी लोकप्रिय केली. दुसरी गोष्ट मला अधिक बोचते. त्या लोककथेत अर्जुन सांगत असता सुभद्रेला झोप लागते, आणि म्हणून पुढील ज्ञान अपुरे राहते, आणि म्हणून सोळा वर्षांचा मुलगा रणांगणावर मारला जातो. गर्भारपणाने थकलेली स्त्री क्षणभर झोपली, हा तिचा अपराध, आणि त्या अपराधाचे प्रायश्चित्त पुत्राचे मरण! अनेक महारथींनी मिळून एका कुमाराला मारल्याचा दोष ज्या कथेत अखेर निजलेल्या आईच्या पदरी येतो, तिचा दाखला आपण गर्भवती मुलींना आनंदाने देत असतो, याचा विचार तो देणाऱ्यांनी एकदा तरी करावा.

आता आधुनिक शास्त्राच्या साक्षीकडे वळू. गर्भाचा अंतर्कर्ण आकाराला येऊन तो आवाजाला प्रतिसाद देऊ लागतो तो साधारणपणे चोविसाव्या ते सत्ताविसाव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे सहावा महिना उलटत असताना. तेव्हा पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या महिन्यांसाठी ज्या रागांची नेमणूक पुस्तिकांत केलेली असते, ते राग ऐकणारी व्यक्ती त्या घरात एकच असते, आणि ती आई होय. पुढेही जे गर्भापर्यंत पोहोचते ते गाळून पोहोचते. आईच्या हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचा प्रवाह, आतड्यांची हालचाल यांचा अखंड घोष आत चालू असतो. बाहेरचे खालच्या पट्टीतील, साधारण पाचशे हर्ट्झपर्यंतचे आवाज त्यातून बरेचसे आत जातात, पण जसजसे वर जावे तसतसे ते क्षीण होत जातात. तंबोऱ्याची जवारी ज्या सूक्ष्म उच्च स्वनांवर उभी असते, तेच नेमके वाटेत गळतात. उलट आईचा स्वतःचा आवाज हवेतून तर जातोच, शिवाय तिच्या देहातूनही आत पोहोचतो. कोणत्याही ध्वनिक्षेपकाला न मिळणारी ही वाट तिला निसर्गाने दिली आहे, आणि त्यासाठी तिला सूर शिकावा लागत नाही.

मोझार्टचे प्रकरण थोडक्यात आटोपतो, कारण त्याचा निकाल केव्हाच लागला आहे. १९९३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत फ्रान्सिस राउशर व तिच्या सहकाऱ्यांनी छत्तीस महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्टची एक सोनाटा ऐकविली, आणि त्यानंतर घातलेल्या आकृतिविषयक कोड्यांत त्यांचे गुण वाढले; ही वाढ दहा-पंधरा मिनिटांत ओसरली. त्या प्रयोगात गर्भ नव्हता, अर्भक नव्हते, आणि टिकाऊ बुद्धीचा दावाही नव्हता. तरीही १९९८ साली जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी नवजात बालकांना अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रिका वाटण्यासाठी एक लाख पाच हजार डॉलरांची तरतूद मागितली. पुढे १९९९ साली अशा अभ्यासांची एकत्र छाननी झाली, आणि २०१० साली व्हिएन्ना विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे चाळीस अभ्यास पुन्हा एकत्र तपासले, तेव्हा मोझार्टमध्ये बुद्धिवर्धनाचे काही विशेष सामर्थ्य आढळले नाही.

अर्भक ओळखते, हा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो मी पूर्णपणे मान्य करतो. १९८० साली डीकॅस्पर व फायफर यांनी दाखवून दिले की, जन्मून तीन दिवसही न झालेली बालके परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चोखण्याची लय बदलतात. १९८६ साली डीकॅस्पर व स्पेन्स यांनी, गर्भारपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत आईने रोज मोठ्याने वाचलेली गोष्ट बालकाला जन्मानंतर अधिक पसंत पडते, असे सिद्ध केले. परंतु ओळख ही बुद्धी नव्हे आणि संस्कारही नव्हे. १९८८ साली पीटर हेपर यांनी दूरचित्रवाणीवरील एका दैनंदिन मालिकेच्या शीर्षकधुनीवर असाच प्रयोग केला, आणि ज्या स्त्रिया गर्भारपणी ती मालिका पाहत होत्या, त्यांची बालके ती धून ऐकून शांत व सावध होतात असे आढळले. म्हणजे गर्भ उत्तम आणि सामान्य असा भेद करीत नाही. त्याला जे वारंवार ऐकू येते ते परिचयाचे होते. या प्रयोगांचा सरळ अर्थ एवढाच निघतो की, जन्मल्यावर परक्या जगात आलेल्या जीवाला सर्वांत आधीची ओळखीची गोष्ट म्हणजे आईचा आवाज असते. त्यावरून काही कर्तव्य निघत असेल, तर ते त्या आवाजाची काळजी घेण्याचे निघते, आणि जो आवाज खचला आहे, जो रडवेला झाला आहे, जो दिवसचे दिवस उमटतच नाही, त्याच्याकडे पाहण्याचे निघते.

‘नुकसान काय?’ या प्रश्नाचे उत्तर येथूनच सुरू होते. ज्या क्षणी आपण असे म्हणतो की, आईने नियमाने ऐकले म्हणून मूल हुशार झाले, त्याच क्षणी आपण हेही म्हटलेले असते की, मूल अकाली जन्मले, दुबळे निघाले, बोलायला उशीर लागला, तर तिने ऐकण्यात कसूर केली असली पाहिजे. हा उलटा हिशेब कोणी वर्गात शिकवीत नाही. तो घरात आपोआप मांडला जातो, आणि बहुधा ती मुलगी स्वतःच तो रात्री जागून स्वतःविरुद्ध मांडते. ‘मी सकाळचं ऐकायचं टाळायचे, मला मळमळायचं,’ असे अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या काचपेटीशेजारी उभ्या असलेल्या एका तरुण मातेने मला सांगितले आहे. तिचे बाळ ज्या कारणाने अकाली जन्मले ते तिच्या रक्तदाबाच्या नोंदीत स्पष्ट लिहिलेले होते, पण तिला ते कारण पुरेसे वाटत नव्हते, कारण गर्भारपणभर तिला दुसरेच कारण शिकविले गेले होते. आपल्या देशात २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे शंभरांतील बावन्न गर्भवती स्त्रिया रक्तक्षयी होत्या. लोहाच्या गोळ्या, रक्तदाबाची तपासणी, पोटभर अन्न आणि दुपारची झोप यांचा आग्रह ज्या घरांत रागांच्या आग्रहाइतका धरला जातो, ती घरे मला दाखवावीत. मी माझी लेखणी खाली ठेवीन.

याहून मोठे नुकसान आहे ते लक्ष वेधून नेण्याचे. नऊ महिने साऱ्या घराचे कान पोटाकडे लागलेले असतात, आणि मूल बाहेर येताच ते सारे कान पाळण्याकडे वळतात. मधे जी स्त्री उरते तिच्याकडे कोणाचा कान नसतो. गोव्यात विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयात आलेल्या २७० गर्भवती स्त्रियांचा पाठपुरावा करून २००२ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरांतील तेवीस माता विषादाने ग्रासलेल्या आढळल्या, आणि सहा महिन्यांनंतरही हे प्रमाण फारसे उतरले नव्हते. दारिद्र्य, नवऱ्याशी बेबनाव व मारहाण ही कारणे तेथे दिसली. आणि मुलगा हवा असताना मुलगी झाली हेही दिसले. पुढे २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात भारतातील अडतीस अभ्यासांचे जे एकत्रीकरण आले, त्यातही प्रमाण शंभरांत बावीसच्या आसपास निघाले. म्हणजे दर चार-पाच बाळंतिणींमागे एक. जिच्या पोटावर ध्वनिक्षेपक ठेवण्यास सर्व जण तत्पर होते, ती चौथी किंवा पाचवी बाई आज पाचवीच्या पूजेच्या गर्दीत गप्प बसलेली असते, आणि तिला ‘दूध येत नाही का?’ एवढाच प्रश्न विचारला जातो.

पूर्वी असे नव्हते, असे मी म्हणणार नाही. जात्यावरच्या ओव्यांत सासुरवासाची जी दुःखे भरलेली आहेत ती वाचल्यावर जुन्या काळाचे गोडवे गाण्याची कोणाला इच्छा होऊ नये. परंतु हेमा राईरकर व गी पॉइतव्हाँ यांनी खेडोपाडी फिरून लाखावर ओव्या जमविल्या, त्यांवरून एक गोष्ट निर्विवाद दिसते: दुःख सांगण्यासाठी त्या बायांपाशी आवाज होता, तो रोज मोकळा करण्याची वेळ होती, आणि जात्याच्या दुसऱ्या बाजूला खुंटा धरून ऐकणारी दुसरी बाई होती. पिठाची गिरणी आली आणि ते कष्ट गेले, हे उत्तमच झाले. जाते परत यावे असे मला मुळीच वाटत नाही. पण त्या कष्टांबरोबर ती वेळ आणि ती जोडीणही गेली, आणि तिच्या जागी आपण काहीही आणले नाही. बारशाच्या दिवशीचा पाळणाही आता पुष्कळ घरांत ध्वनिमुद्रित वाजतो, आणि आई तो इतरांबरोबर उभी राहून ऐकते.

या ठिकाणी मला माझ्याच बाजूचे समजले जाणारे काही बुद्धिवादी मित्र अडवितील, आणि म्हणतील की, मग संगीताचा नादच सोडा, औषधे व समुपदेशन पुरेसे आहे. त्यांच्याशीही माझा तितकाच मतभेद आहे. तैवानमध्ये २००८ साली २३६ गर्भवती स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात, दोन आठवडे रोज अर्धा तास संगीत ऐकणाऱ्या स्त्रियांचा ताण, चिंता व खिन्नता ही कमी झाली असे दिसून आले. तेथे ऐकणारी आई होती आणि मोजले गेले तेही आईचेच मन. लंडनमध्ये तर प्रसूतीनंतरच्या विषादाची लक्षणे असलेल्या १३४ मातांना तीन गटांत वाटून दहा आठवड्यांचा प्रयोग झाला, आणि तो २०१८ साली ब्रिटनमधील मानसोपचाराच्या प्रमुख नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका गटाने बाळांना मांडीवर घेऊन एकत्र गाणे गायले, दुसऱ्याने बाळांबरोबर खेळ केले, तिसऱ्याला नेहमीचीच शुश्रूषा मिळाली. दहाव्या आठवड्यापर्यंत तिन्ही गटांत सुधारणा झाली होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ज्यांचा आजार मध्यम वा तीव्र होता त्यांच्यात गाणाऱ्या माता पहिल्या सहा आठवड्यांतच लक्षणीयरीत्या सावरल्या. नवजात बालकाच्या आयुष्यातील सहा आठवड्यांचे मोल ज्याला कळते, त्याला या फरकाचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. अकाली जन्मलेल्या बालकांविषयीही असेच आहे: २०१३ साली अमेरिकेत अकरा रुग्णालयांतील २७२ बालकांवर झालेल्या अभ्यासात प्रत्यक्ष गायिलेल्या, विशेषतः आईवडिलांनी निवडलेल्या गीतांनी बालकांच्या हृदयाची गती निवळली आणि आईवडिलांची धास्तीही उतरली. अशा बालकांच्या अतिदक्षता विभागात पंचेचाळीस डेसिबलांहून अधिक आवाज नसावा असा बालरोगतज्ज्ञांचा दंडक आहे. तेथे यंत्राचा भडिमार चालत नाही, हलक्या आवाजात गुणगुणणारे माणूसच लागते.

तेव्हा माझी दरखास्त अशी आहे. गर्भारपणी स्त्रीने तिला जे आवडेल ते, आवडेल तेव्हा, सोसेल इतक्या आवाजात ऐकावे, आणि नाही ऐकले तरी कोणी तिला जाब विचारू नये. वर्गांसाठी जी फी भरली जाते, तिच्या अल्पांशात प्रसूतीनंतरच्या दोन-तीन महिन्यांत आठवड्यातून एकदा दहा-बारा माता बाळांसह एकत्र बसून गातील अशी सोय प्रत्येक पेठेत, प्रत्येक गृहसंकुलात, अंगणवाडीत होऊ शकते. गाणे पाळण्याचे असो, चित्रपटातले असो, गोव्यात कोंकणी असो, सूर लागो वा न लागो. आणि जी आई गाण्यालाही येत नाही, तिच्यापर्यंत कोणी तरी गेले पाहिजे.

जाणारे माणूस आपल्याकडे आधीच नेमलेले आहे. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांनी एकोणचाळीस गावांत घरोघर नवजात बालकांची शुश्रूषा करण्याची जी पद्धत घालून दिली, तिने नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून ती पद्धत देशभर लागू आहे. त्याप्रमाणे रुग्णालयात प्रसूत झालेल्या स्त्रीच्या घरी आरोग्य-कार्यकर्ती आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा जाते, बाळाचे वजन करते, ताप पाहते. त्याच भेटीत आईच्या मनाचीही विचारपूस करता येईल. १९८७ साली एडिंबरा येथे तयार झालेली दहा प्रश्नांची साधी यादी जगभर त्यासाठीच वापरली जाते, आणि ती भरण्यास पाच-सात मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. यावर उत्तर येईल की, आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे आणि त्यांना पगार नाही, तुटपुंजा मोबदला आहे. हे उत्तर खरे आहे, आणि म्हणूनच ही मागणी आईच्या विचारपुशीपुरती न राहता, ती करणाऱ्या बाईच्या वेतनासहित शासनाच्या दफ्तरी दाखल झाली पाहिजे.